मंगळावरच्या गाड्या आणि रात्रीचा हिशेब

प्रश्न अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेच्या विज्ञान शिक्षिकेचा आहे. आठवीच्या वर्गात चांद्रयान-3 आणि त्यातलं चंद्रावर उतरलेलं विक्रम यान शिकवताना त्यांनी ऑपॉर्च्युनिटी या मंगळावरच्या गाडीची गोष्ट सांगितली. नेमणूक 90 दिवसांची, आणि चालली 14 वर्षांहून जास्त. त्यावर मागच्या बाकावरून एक पोरगा उठला आणि अहिराणीत म्हणाला, "मंग आपला विक्रम चौदा दिनमाच कसा काय झोपी गया?" वर्ग हसला, पण मॅडमना प्रश्न बरोबर वाटला. त्यांनी विचारलंय की नासाचा अंदाज एवढा कसा चुकतो, आपलं यान कमी दर्जाचं होतं का, आणि पोरांना हे नीट कसं समजावायचं.

मॅडम, धुळे-जळगाव भागात सोलर प्रकल्प आणि बॅटरी बँका चालू ठेवणं हा माझा वर्षानुवर्षांचा धंदा. पॅनलवरची धूळ, बॅटरीचं तापमान, जाम झालेली मोटर यांच्याशी माझा रोजचा संबंध. मंगळावरच्या गाड्यांची माहिती मी त्याच नजरेने वाचत आलो आहे. त्या पोराला शाबासकी द्या, कारण या विषयाची चावी त्याच्याच प्रश्नात आहे. यान किती दिवस चालेल हे विचारण्याआधी ते किती रात्री काढू शकेल हे विचारावं लागतं. अंदाज चुकला असं जे दिसतं, त्यातलं बहुतेक या एका गोष्टीने उलगडतं.

आधी 90 दिवसांबद्दल. ही मुदत यान कधी मरेल याचं भाकीत नव्हती. इतके दिवस ते चाललंच पाहिजे, आणि तेवढ्यात ठरलेलं काम झालं तर मोहीम यशस्वी, असा तो करार होता. सोलर पॅनल विकताना कंपनी 25 वर्षांनंतरही साधारण 80 टक्के वीज मिळेल असं लिहून देते. सव्विसाव्या वर्षी पॅनल बंद पडतं असा अर्थ त्यातून कुणी काढत नाही. हेही तसंच आहे.

आता हमी पाळायची तर काय करावं लागतं, ते पोरांना फळ्यावर गणित करून दाखवा. यंत्रात 1,000 भाग आहेत आणि त्यातला एक जरी गेला तरी यंत्र बंद, असं धरा. प्रत्येक भाग मुदतभर टिकण्याची शक्यता 99.9 टक्के आहे. ऐकायला फार चांगलं वाटतं, पण सगळे भाग टिकण्याची शक्यता येते जेमतेम 37 टक्के. प्रत्येक भाग 99.99 टक्के भरवशाचा केला तर ती 90 टक्क्यांवर जाते. म्हणजे सगळं यंत्र 90 दिवस खात्रीने चालवायचं असेल, तर त्यातला प्रत्येक सुटा भाग 90 दिवसांच्या कितीतरी पुढे जाणारा घ्यावा लागतो. मोटरी, गिअर, सोल्डरचे जोड यांच्या चाचण्या नेमलेल्या आयुष्याच्या दोन-तीन पट फेऱ्यांपर्यंत नेतात ते याचसाठी. दुसरं असं की नवी यंत्रं सुरुवातीलाच जास्त मोडतात. आमच्याकडे नवा इन्व्हर्टर जायचा असला की पहिल्या काही महिन्यांत जातो, आणि तो काळ पार केलेला वर्षानुवर्षं त्रास देत नाही. मंगळावर तर पहिल्या काही मिनिटांतच निकाल लागतो. ब्रिटनचं बीगल-2 डिसेंबर 2003 मध्ये उतरलं आणि गप्प झालं. 2015 मध्ये वरून घेतलेल्या छायाचित्रांत ते सापडलं, तेव्हा कळलं की त्याची सगळी पॅनल उघडलीच नव्हती. उतरताना फुटलेली, उतरून मुकी झालेली यानं कुणाच्या तोंडी नसतात, म्हणून उरलेली सगळी अमर वाटतात.

तरीही 90 दिवसांवरून 14 वर्षं नुसत्या जादा मजबुतीने होत नाहीत. तिथे धूळ येते, आणि हा भाग मी थोडा लांबवणार आहे.

1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीने मोजलं होतं की पॅनलवर धूळ बसून रोज सुमारे 0.28 टक्के वीज घटते. सरळ गुणाकार केला तर 90 दिवसांत चौथा हिस्सा गेला. त्यात हिवाळा जवळ आला की सूर्य खाली झुकतो, दिवस लहान होतो, आणि हीटरला वीज जास्त लागते. 2004 मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या गाड्यांबद्दल म्हणूनच असं धरलं होतं की काही महिन्यांत धूळ त्यांना संपवेल. हा हिशेब त्या वेळच्या माहितीवर बरोबरच होता.

मार्च 2005 मध्ये वेगळंच घडलं. स्पिरिटची पॅनल तोवर मूळ क्षमतेच्या 60 टक्क्यांवर आली होती. एका दिवसात ती 93 टक्क्यांवर गेली. वाऱ्याने धूळ उडवून नेली होती, आणि त्याच सुमारास गाडीच्या कॅमेऱ्यात मंगळाच्या मैदानावरून फिरणाऱ्या वावटळीही दिसल्या. ऑपॉर्च्युनिटीचीही पॅनल अशीच अधूनमधून साफ होत राहिली.

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सोलर प्रकल्प आहे. मे महिन्यात त्या पट्ट्यात वावटळी रोजच्याच. तरी आमच्याकडची पॅनल वावटळीने साफ होत नाहीत, पाणी मारून पुसावीच लागतात. याचं कारण पहाटेचं दव. धुळीवर दव पडतं, सकाळी ते सुकतं, आणि काचेवर धूळ सिमेंटसारखी घट्ट धरते. पॅनलच्या खालच्या कडेला तर पापुद्राच तयार होतो, नखाने खरवडला तरी पूर्ण निघत नाही. मंगळावर काचेवर धूळ भिजवून चिकटवणारं पाणी नाही. तिथली धूळ फार बारीक असते आणि कोरडीच राहते. हवा आपल्या एक टक्क्याहूनही विरळ, पण झोत जोराचा आला तर तेवढ्याने काम होतं.

मग वायपर का लावले नाहीत, हा प्रश्न पोरं विचारणारच. मलाही लोक हमखास विचारतात. वायपर म्हटला की मोटर आली, वायरिंग आलं, वजन आलं, थंडीत अडकण्याचा नवा धोका आला, आणि कोरडी धूळ घासली तर काचेवर ओरखडे येतात ते वेगळंच. तेवढ्या वजनात पॅनलच थोडं मोठं करणं शहाणपणाचं ठरतं. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, जरी पुढे इनसाइट हे यान धुळीनेच गेलं. 2018 च्या नोव्हेंबरात उतरलं तेव्हा ते दिवसाला सुमारे 5,000 वॉट-तास वीज करत होतं, 2022 च्या वसंतात 500 च्या आसपास उरली. तिथे वावटळी जवळून जात होत्या, पण पॅनल साफ झाली नाहीत. मधल्या काळात, 2021 मध्ये, इंजिनिअरांनी यानाच्या हाताने वाळू उचलून पॅनलच्या शेजारी वाऱ्यावर सोडली. वाळूचे जाड कण वाऱ्याने पॅनलवरून उड्या मारत गेले आणि बारीक धूळ सोबत घेऊन गेले. पहिल्याच खेपेला दिवसाला सुमारे 30 वॉट-तास जास्त मिळू लागले. धुळीने माखलेलं पॅनल साफ करायला त्यावर वाळू टाकायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा मनापासून नमस्कार.

आता रात्र. मंगळाचा दिवस 24 तास 39 मिनिटांचा, म्हणजे रात्र आपल्यासारखीच बारा तासांच्या आसपास. पण थंडी शून्याखाली 90-100 अंशांपर्यंत जाते. या जुळ्या गाड्यांची बॅटरी लिथियम-आयन होती. बॅटरीवाल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते: थंड बॅटरीतून वीज काढता येते, पण गोठलेल्या बॅटरीत वीज भरायला जाऊ नये. तिथेही तोच नियम होता. वीज देताना बॅटरी उणे 20 अंशांच्या वर हवी, चार्ज होताना शून्याच्या वर. म्हणून बॅटरी, कॉम्प्युटर, रेडिओ हे सगळं एका उबदार पेटीत ठेवलं होतं. पेटीला सोन्याचा मुलामा आणि एरोजेल नावाच्या अतिहलक्या पदार्थाचं आवरण, आत विजेचे हीटर, आणि जोडीला प्रत्येकी एक वॉट उष्णता देणाऱ्या आठ किरणोत्सारी गोळ्या. त्या गोळ्यांना वीज लागत नाही, स्विच नाही, त्या आपल्या रात्रंदिवस ऊब देत राहतात.

एवढ्याने रोजची रात्र निघत होती. न निघण्याची साखळी अशी: धूळ वाढली की वीज कमी, वीज कमी की हीटर कमी, हीटर कमी की बॅटरी गार, बॅटरी गार की सकाळी ऊन असूनही ती भरत नाही. एकदा या फेऱ्यात अडकलं की यान दोन-चार रात्रींत जातं. शिवाय प्रत्येक रात्र-दिवसाच्या फरकाने धातू आकसतो आणि फुगतो, सोल्डरचे जोड थोडे थोडे थकतात. यंत्राचं वय तिथे रात्रींनीच मोजायचं.

या रात्री काढून देणारी माणसं पृथ्वीवर बसलेली होती. ऑपॉर्च्युनिटीच्या हाताच्या खांद्यातला एक हीटर उतरल्यापासूनच चालू अवस्थेत अडकला होता. बंदच होईना, रात्रभर वीज खायचा. तोडगा असा काढला की रात्री बॅटरीच गाडीपासून तोडायची आणि सकाळी पॅनलवर ऊन आलं की गाडी आपोआप जागी होईल. यात एक उपकरण थंडीने जाण्याचा धोका होता, तो विचार करून पत्करला. स्पिरिट मंगळाच्या दक्षिण गोलार्धात होती, तिथे हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडे झुकतो. म्हणून दर हिवाळ्याआधी तिला उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर नेऊन तिरकं उभं करायचे, म्हणजे सगळं पॅनल सूर्याकडे तोंड करून राहील. आम्ही पॅनलचा कोन ठरवतो तोच हा विचार. फरक इतकाच की त्यांना कोन बदलायला अख्खी गाडी डोंगरावर चढवावी लागत होती.

याच स्पिरिटचं पुढचं उजवं चाक 2006 मध्ये बंद पडलं. मग गाडी उलटी चालवू लागले, मेलेलं चाक मागे ओढत. ते चाक मातीत चर पाडत जायचं. 2007 मध्ये अशाच एका चरात खालची पांढरीशुभ्र माती उघडी पडली. तपासली तर 90 टक्के सिलिका. असं सिलिका गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ किंवा ज्वालामुखीच्या वाफेच्या तोंडाशी तयार होतं. म्हणजे त्या जागी कधीकाळी पाणी आणि ऊब दोन्ही होतं. स्पिरिटच्या मोठ्यात मोठ्या शोधांपैकी हा एक, आणि तो मोडक्या चाकाने लावला. मुदतीनंतर चालणाऱ्या यंत्राची किंमत इथे कळते. पोरांना ही गोष्ट नक्की सांगा.

स्पिरिटचा शेवटही रात्रीनेच झाला. 2009 मध्ये ती मऊ मातीत रुतली आणि तिथेच आणखी एक चाक गेलं. माती तिला मारत नव्हती. पण हिवाळा आला तेव्हा तिला उत्तरेकडे तिरकं होता आलं नाही. पॅनलवर पुरेसं ऊन पडेना, पेटी गार होत गेली, आणि 22 मार्च 2010 ला तिचा शेवटचा निरोप आला. ऑपॉर्च्युनिटी 45 किलोमीटरहून जास्त चालली. 2018 च्या जूनमध्ये सगळ्या मंगळाला वेढणारं धुळीचं वादळ आलं, दिवसाही अंधार झाला. सुरुवातीला जी गाडी दिवसाला सुमारे 900 वॉट-तास वीज करायची, ती 22 वर आली. 10 जूनला शेवटचा संपर्क. पुढे आठ महिने हाका मारून झाल्यावर 13 फेब्रुवारी 2019 ला मोहीम संपल्याचं जाहीर झालं.

इन्जेन्युइटी हे छोटं हेलिकॉप्टर तर 30 दिवसांत पाच उड्डाणं करून दाखवायला नेलं होतं. त्यात मोबाइल फोनमधला प्रोसेसर होता. 2022 च्या हिवाळ्यात त्याची बॅटरी रात्री संपू लागली, मे महिन्यात तर घड्याळच बंद पडून वेळ चुकली आणि ठरलेल्या वेळी ते बोललंच नाही. त्यानंतर रात्री ऊब देण्याचा नादच बराचसा सोडला, त्याला थंड होऊ दिलं, आणि ते रोज सकाळी पुन्हा जागं होत राहिलं. 72 उड्डाणं झाली. जानेवारी 2024 मध्ये पातं मोडलं म्हणून ते थांबलं. ज्यांनी हे भाग बनवले त्यांनीही एवढ्या थंडीची हमी दिली नसती. थंडी प्रत्येक वेळी मारतेच असं नाही, हेही यातून दिसतं.

सूर्यावर अवलंबून नसलेल्यांचं गणित निराळं. क्युरिऑसिटी ऑगस्ट 2012 पासून प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालते आहे. धूळ, रात्र, वादळ यांचं तिला फारसं काही नाही. प्लुटोनियम-238 निम्मं व्हायला 87.7 वर्षं लागतात, त्यामुळे वीज हळूहळूच घटते. तिची ठरलेली मुदत होती एक मंगळ-वर्ष, म्हणजे आपले 687 दिवस. तिची चाकं मात्र खडकांनी फाटली आहेत.

आता विक्रम. चंद्राची रात्र आपल्या 14 दिवसांची. जिथे विक्रम 23 ऑगस्ट 2023 ला उतरला, तिथे रात्री तापमान उणे 180 च्याही खाली जाऊ शकतं. मंगळावरच्या रात्रीसारख्या 28 रात्री मध्ये दिवस न येता सलग काढाव्यात, तशी ती एक रात्र. विक्रम आणि त्याच्यातून उतरलेली चाकांची छोटी गाडी प्रज्ञान यांच्यात त्या रात्रीसाठी हीटरची सोय ठेवलीच नव्हती. ठेवायची तर वजन वाढतं, किरणोत्सारी ऊब लागते, खर्च वाढतो. इस्रोपुढचं पहिलं काम होतं अलगद उतरणं, कारण 2019 मध्ये आधीचा विक्रम कोसळला होता. म्हणून एका चांद्र-दिवसाचं काम आखलं आणि ते पूर्ण केलं. प्रज्ञान 100 मीटरहून जास्त चालला. 3 सप्टेंबरला विक्रमने इंजिन पुन्हा पेटवून सुमारे 40 सेंटिमीटर उडी मारली आणि बाजूला परत उतरला. मग बॅटऱ्या भरून, रिसीव्हर चालू ठेवून दोघांना झोपवलं. 22 सप्टेंबरच्या सुमाराला उजाडल्यावर हाक मारली, उत्तर आलं नाही. मुदतीच्या हिशेबाने विक्रमने आपलं काम शंभर टक्के केलं. दर्जा कमी होता म्हणून तो झोपला असं मानायला काहीच आधार नाही. त्याला शून्य रात्रींसाठी बांधलं होतं.

नशीब मात्र असतं. जपानचं स्लिम यान जानेवारी 2024 मध्ये नाकावर उतरलं, रात्र काढण्यासाठी तेही बांधलेलं नव्हतं, आणि तरी तीन चांद्र-रात्रींनंतर ते बोललं. सोव्हिएत रशियाची लुनोखोद-1 ही गाडी 1970-71 मध्ये दहा महिने चालली, कारण तिच्यात पोलोनियमचा हीटर होता आणि रात्री ती झाकण मिटून घ्यायची.

आपल्याकडे मुदत ओलांडणारं यान नाही असं पोरांना वाटू देऊ नका. मंगळयान सहा महिन्यांसाठी नेमलं होतं. सप्टेंबर 2014 ला ते मंगळाच्या कक्षेत गेलं आणि 2022 पर्यंत, म्हणजे साडेसात वर्षं, तिथे काम करत राहिलं. त्याची बॅटरी सुमारे 1 तास 40 मिनिटांच्या सावलीसाठी होती. एप्रिल 2022 मध्ये लागोपाठ ग्रहणं आली, त्यातलं एक साडेसात तासांचं. तिथेही रात्रच आडवी आली. उलट चांद्रयान-1 दोन वर्षांसाठी होतं आणि ऑगस्ट 2009 मध्ये 312 दिवसांनी थांबलं, तिथे अपेक्षेपेक्षा जास्त तापल्याने दिशा सांगणारे सेन्सर आधी गेले होते. आणि शुक्रावर तर 457 अंशांत रशियाचं व्हेनेरा-13 हे यान 1982 मध्ये 32 मिनिटांसाठी नेमलं होतं, ते 127 मिनिटं टिकलं.

पुढची तयारी सुरू झाली आहे. चांद्रयान-3 ला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागात भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले एक-एक वॉटचे दोन किरणोत्सारी हीटर चाचणीसाठी बसवले होते. पोराला सांगा की त्याचा प्रश्न आपल्या शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे आणि उत्तराला त्यांनी हात घातला आहे.

वर्गात एक तास मिळाला तर असं करा. फळ्यावर लिहा, दिवसाला 900 वॉट-तास. घरातला 75 वॉटचा पंखा त्यात 12 तास चालतो, इतकंच. त्यातून चाकं, कॅमेरा, रेडिओ, कॉम्प्युटर आणि रात्रीचे हीटर यांना वाटणी करायला सांगा, हीटरला किती द्यायचं यावर पोरं भांडतील आणि तिथेच शिकतील. मग आकडा पुसून 22 करा. एक मोठ्या बॅटरीचा मोबाइल एकदा भरायला साधारण तेवढी वीज लागते. काय आधी बंद करायचं आणि काय शेवटपर्यंत चालू ठेवायचं, ते प्रत्येकाला कारणासह वहीत लिहू द्या. पोरांनी लिहिलेलं मला पाठवा, मी वाचून प्रत्येकाला उत्तर देईन.